आवाज नेमका कुठे हरवला?

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातील रात्र. बंगळूरमधील एका संशोधन संस्थेच्या वसतिगृहात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपवरील लिनक्स कार्यप्रणालीचे अपग्रेड सुरू केले आणि तो जेवायला गेला. परत आला तेव्हा काम संपले होते. ‘संगणक पुन्हा सुरू करायचा का?’ या प्रश्नाला त्याने होकाराची कळ दाबली. तो प्रश्न हेच त्या यंत्राचे शेवटचे शब्द ठरले. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पंखा फिरू लागला, कळफलकही दाबाला प्रतिसाद देत असावा. आवाज मात्र गेला होता.

अपग्रेडनंतर लॅपटॉपचा आवाज जाणे ही तशी अगदी नेहमीची तक्रार. बहुतेकांसाठी ती किरकोळ गैरसोय असते: गाणी ऐकू येत नाहीत, ऑनलाइन बैठकीला दुसऱ्याचा लॅपटॉप मागावा लागतो. हा विद्यार्थी जन्मापासून दृष्टिहीन आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी ‘ऑर्का’ ही प्रणाली हाच त्याचा पडदा. इतरांच्या लॅपटॉपचा पडदा पूर्ण काळा पडावा आणि त्याच स्थितीत तो दुरुस्त करायला सांगितले जावे, तशी ती अवस्था होती. दोन दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त संस्थेत येणाऱ्या शाळकरी मुलांपुढे त्याला आपले काम सादर करायचे होते. पुढच्या आठवड्यात पीएच.डी. प्रवेशाची ऑनलाइन मुलाखत होती. सारे साहित्य त्या मुक्या यंत्रात.

फोन बोलत होता. रात्री साडेअकराला त्याने विभागातील एका शास्त्रज्ञ ताईला फोन लावला. ती बेळगावची, तो सोलापूरचा. त्या परमुलखात दोघांची मराठी एकमेकांच्या उपयोगी पडे.

“ताई, झोपला नाहीत ना? लॅपटॉप मुका झालाय.”

“कशानं? काही दाबलंस का?”

“काही नाही हो. अपग्रेड लावलं, जेवून आलो, रीस्टार्ट केला. तेव्हापासून एक शब्द नाही.”

ती निघाली. निघताना प्रयोगशाळेच्या कपाटातून यूएसबीचा एक जुना हेडफोन तिने पिशवीत टाकला. तोच हेडफोन का, हे पुढे कळेल.

शांततेचे दोन अर्थ

या विद्यार्थ्याच्या कामाविषयी थोडे सांगायला हवे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिने टिपलेल्या पल्सारांच्या नोंदी तो ऐकतो. पल्सार म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याचा रेडिओ झोत दर फेरीला पृथ्वीवरून जातो आणि दुर्बिणीला एक ठोका मिळतो. अवकाशातून ध्वनी येत नाही, येतात त्या रेडिओ लहरी. मात्र त्यांच्या तीव्रतेचे रूपांतर ध्वनीच्या तीव्रतेत करता येते. वेला पल्सार सेकंदाला सुमारे ११ ठोके देतो, खेकडा तेजोमेघातील पल्सार सुमारे ३०. ‘बी ००३१−०७’ या पल्सारचा आवर्तनकाल सुमारे ०.९४ सेकंद आहे, म्हणजे मिनिटाला साधारण ६४ ठोके. शांत बसलेल्या माणसाच्या हृदयाइतके.

हा पल्सार मधूनच गप्प होतो. काही ठोके येतात, मग अनेक आवर्तने काहीच नाही, मग पुन्हा ठोके. या वर्तनाला ‘नलिंग’ म्हणतात. डोनाल्ड बॅकर यांनी १९७० मध्ये ते प्रथम नोंदवले. पल्सार असे का वागतात, याचे समाधानकारक उत्तर आजही मिळालेले नाही. आलेखात डोळ्यांनी पाहताना ज्या जागा नुसत्या रिकाम्या वाटतात, त्या कानाला फार स्पष्ट कळतात. लयीतील चुकलेली मात्रा तबला ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, तसेच हे.

नलिंगचा अभ्यास करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न नेहमी एकच असतो. ठोका ऐकू आला नाही. मग तारा गप्प झाला, की वाटेत काही बिघडले? अँटेना, प्रवर्धक, नोंदणीयंत्र, मोबाइलच्या लहरींचा व्यत्यय, यांपैकी काहीही ठोका गिळू शकते. म्हणून एकाच वेळी निरनिराळ्या वारंवारितांवर किंवा निरनिराळ्या दुर्बिणींनी निरीक्षण केले जाते. एका वाटेने शांतता आली आणि दुसऱ्या वाटेने ठोका आला, तर दोष वाटेचा.

त्या रात्री लॅपटॉपपुढे नेमका हाच प्रश्न होता.

ठोका जातो कोणत्या वाटेने?

लिनक्सवर आवाजाची वाट चार टप्प्यांची असते. सर्वांत वर अनुप्रयोग: ब्राउझर, गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, किंवा ऑर्कासाठी बोलणारे यंत्र. त्याखाली ध्वनीचा सर्व्हर. अनेक अनुप्रयोगांचे आवाज एकत्र मिसळणे, कोणता आवाज कोणत्या स्पीकरकडे जावा हे ठरवणे, हे त्याचे काम. पूर्वी ते ‘पल्सऑडिओ’ करीत असे. अलीकडच्या बहुतेक वितरणांत ‘पाइपवायर’ करते. फेडोराने २०२१ मध्ये आणि उबुंटूने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये हा बदल मूलभूत निवड म्हणून स्वीकारला. तिसरा टप्पा कर्नलमधील ड्रायव्हरांचा. ही ‘अल्सा’ नावाची व्यवस्था यारोस्लाव कायसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केली. चौथा टप्पा प्रत्यक्ष वस्तूंचा: अंकांचे विद्युतदाबात रूपांतर करणारी चिप, प्रवर्धक आणि स्पीकर.

अपग्रेडमध्ये वरचे तिन्ही टप्पे एकाच वेळी बदलतात. म्हणून ‘काय बदलले?’ या प्रश्नाला ‘जवळजवळ सगळेच’ असे निरुपयोगी उत्तर मिळते. उपयोगी प्रश्न निराळा आहे: साखळी मध्यावर तोडता येईल का? वरचा अर्धा भाग धड आहे की खालचा, हे एका चाचणीत कळले तर शोधाचे क्षेत्र निम्मे होते. पुन्हा तेच केले तर पाव.

यूएसबी हेडफोन ही ती चाचणी. गोल खाचेत बसणारा हेडफोन येथे चालत नाही, कारण तो लॅपटॉपमधील त्याच चिपवर अवलंबून असतो. यूएसबी हेडफोनमध्ये मात्र स्वतःचे छोटे ध्वनिकार्ड असते आणि त्याचा ड्रायव्हरही निराळा. अनुप्रयोग आणि सर्व्हर ठीक असतील तर तो बोलेल. तो बोलला, तर दोष लॅपटॉपच्या अंगच्या कार्डात किंवा त्याच्या ड्रायव्हरात.

ताईने हेडफोन खोचला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला, ऑर्का बंद करून पुन्हा सुरू करणारी कळ दाबली आणि क्षणभर थांबला.

“बोलला! ताई, बोलला!”

येथून पुढे कळफलक त्याच्याच हाती राहिला. ताई शेजारच्या खुर्चीवर बसून होती. अनेकदा मदत म्हणजे दुसऱ्याचे यंत्र आपल्याकडे ओढून घेणे असा समज असतो. अशा वेळी दुरुस्ती होते, पण पुढच्या वेळी तो माणूस तितकाच परावलंबी राहतो. ती बसून राहिली, याचे कारण तेवढेच होते.

चटकन मिळालेले उत्तर

पहिली आज्ञा ध्वनिकार्डांची यादी विचारण्याची. यादीत एकच कार्ड होते: यूएसबी हेडफोन. दुसरी आज्ञा, मदरबोर्डवर जोडलेल्या उपकरणांची यादी. तेथे ध्वनिनियंत्रक हजर होता. म्हणजे वस्तू जागेवर आहे, मात्र ड्रायव्हर तिला कार्ड म्हणून उभे करू शकलेला नाही. सेटिंग्जमध्ये अशा वेळी ‘डमी आउटपुट’ असे नाव दिसते. ज्याला काहीच जोडलेले नाही असा तो एक दिखाऊ मार्ग असतो. अनुप्रयोगांचा आवाज तेथे जातो आणि विरून जातो.

त्याने शोधले, आणि अनेकांनी सुचवलेला एक सोपा उपाय सापडला. कर्नलला सुरुवातीलाच एक सूचना द्यायची: नवा ड्रायव्हर वापरू नकोस, जुनाच वापर. त्याने तसे केले. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि लॅपटॉपचे स्पीकर बोलू लागले. रात्रीचा एक वाजला होता. तो टाळी वाजवून उठला.

“झालं ताई! चला, चहा पिऊ या.”

“थांब जरा. माइकवर काही बोल आणि वाजवून बघ.”

तो बोलला. नोंद वाजवली. शांतता.

या शांततेला ठोस कारण आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत झाकणावर बसवलेले डिजिटल माइक जुन्या ध्वनिमार्गाला जोडलेलेच नसतात. ते थेट एका छोट्या संकेत-प्रक्रियकाला, म्हणजे ‘डीएसपी’ला, जोडलेले असतात. जुना ड्रायव्हर या डीएसपीला वळसा घालून जातो. त्यामुळे स्पीकर सुरू होतात आणि माइक जातो. लक्षण नाहीसे झाले होते, कारण शिल्लक होते. पुढच्या आठवड्यातील मुलाखतीत हे कळले असते, तर फार उशीर झाला असता.

संशोधनातही हे सतत घडते. आकडे अपेक्षेप्रमाणे आले की तपासणी थांबवण्याचा मोह होतो. त्याने सुस्कारा सोडला, कर्नलला दिलेली सूचना काढून टाकली आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.

यंत्राने आधीच सांगितलेले कारण

कर्नल सुरू होताना घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो. हजारो ओळींची ती वही सहसा कोणी वाचत नाही. त्यातील ध्वनीशी संबंधित तेवढ्या ओळी त्याने वेगळ्या काढल्या आणि ऑर्काने त्या एकामागून एक वाचल्या. चौथ्या की पाचव्या ओळीला तो थांबला. अर्थ असा होता: डीएसपीचे फर्मवेअर मागवले, अपयश, त्रुटी उणे दोन.

उणे दोन या आकड्याला युनिक्सच्या जगात ठरलेला अर्थ आहे: अशी फाइल किंवा फोल्डर नाही.

येथे फर्मवेअर म्हणजे काय, ते पाहू. डीएसपी हा स्वतंत्र छोटा संगणकच असतो. त्याला चालण्यासाठी स्वतःचा प्रोग्रॅम लागतो. तो चिपमध्ये कायमचा कोरलेला नसतो. दर वेळी लॅपटॉप सुरू होताना ड्रायव्हर तो डिस्कवरून वाचून डीएसपीच्या हवाली करतो. ‘साउंड ओपन फर्मवेअर’ या प्रकल्पातून असे फर्मवेअर खुले उपलब्ध होते. फाइल सापडली नाही, तर ड्रायव्हर हात वर करतो. कार्ड उभे राहत नाही. कार्ड नाही म्हणून सर्व्हर दिखाऊ मार्ग धरतो. वर बसलेला अनुप्रयोग आपण बोलतो आहोत याच समजुतीत असतो.

मग जुन्या आवृत्तीत ही फाइल कोठून आली होती? जुन्या आवृत्तीत ती फर्मवेअरच्या एका मोठ्या गठ्ठ्याचा भाग होती. नव्या आवृत्तीत तिचे स्वतंत्र पॅकेज झाले होते आणि मोठ्या गठ्ठ्याने त्याची केवळ ‘शिफारस’ केली होती. सर्वसाधारण अपग्रेडमध्ये शिफारस केलेली पॅकेजे आपोआप उतरतात. या विद्यार्थ्याने मात्र दोन वर्षांपूर्वी, गावी मोबाइल डेटावर काम चालवत असताना, शिफारशींची पॅकेजे न उतरवण्याची सेटिंग केली होती. डेटा वाचावा म्हणून. नंतर तो ती विसरून गेला.

“म्हणजे मीच,” तो म्हणाला.

“तू नाहीस, पॅकेज वेगळं करणारेही नाहीत. दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच केलं. दोन बरोबर गोष्टी एकत्र आल्या आणि फाइल राहिली.”

पॅकेज उतरवायला एक मिनिटही लागले नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. स्पीकर बोलले. त्याने माइकवर स्वतःचे नाव उच्चारले. यंत्राने ते परत ऐकवले. मग त्याने ती जुनी सेटिंग काढली आणि काय झाले, कसे सापडले, हे एका फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवले. पावणेतीन वाजले होते. चहा कुठेच मिळणार नव्हता.

ज्यांचा आवाज गेला आहे, त्यांच्यासाठी

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अनेक विद्यार्थी त्या निमित्ताने नव्या विंडोजकडे किंवा लिनक्सकडे वळले आहेत. आवाज गेला, तर सगळे पुसून कार्यप्रणाली नव्याने टाकण्याआधी हा क्रम पाळून पाहावा.

१. आधी साधे पाहावे. आवाज शून्यावर किंवा म्यूटवर तर नाही? बाहेर जाण्याचा मार्ग म्हणून एचडीएमआय किंवा ब्लूटूथ तर निवडलेले नाही? अपग्रेडनंतर निवड बदललेली असणे हे फार वेळा घडते. लिनक्सवर ‘अल्सामिक्सर’मध्ये एखादी वाहिनी स्वतंत्रपणे म्यूट असू शकते.

२. यूएसबी हेडफोन लावावा. तो वाजला, तर वरचे टप्पे धड आहेत. तोही गप्प असेल, तर ध्वनिसर्व्हर पुन्हा सुरू करून पाहावा.

३. पेनड्राइव्हवरून जुनी कार्यप्रणाली, काहीही न बसवता, तात्पुरती चालवून पाहावी. तेथे आवाज आला, तर स्पीकर आणि चिप शाबूत आहेत. दुरुस्तीच्या दुकानात पैसे घालवण्याआधी ही चाचणी जरूर करावी.

४. ध्वनिकार्ड यादीत आहे का, ते पाहावे. नसेल, तर कर्नलच्या नोंदीत ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांच्याविषयीच्या ओळी शोधाव्यात. विंडोजवर हेच काम ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये होते: ध्वनी-उपकरणापुढे पिवळी खूण आहे का, पाहावे, असल्यास ड्रायव्हर मागील आवृत्तीवर न्यावा, किंवा लॅपटॉपच्या निर्मात्याने त्या नमुन्यासाठी दिलेला ड्रायव्हर बसवावा.

५. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. पाच उपाय एकदम केले, तर आवाज येईलही. कशाने आला, हे मात्र कळणार नाही.

६. आवाज आल्यावर माइक, गोल खाचेतील हेडफोन आणि झोपेतून जागा झालेला लॅपटॉप, हे तिन्ही तपासावे. मगच दुरुस्ती झाली असे म्हणावे.

ज्यांना आवाज हाच पडदा आहे

या प्रसंगातील मोठी गोष्ट तांत्रिक नाही. अपग्रेडमध्ये पडदा काळा पडू नये म्हणून कार्यप्रणाल्या किती काळजी घेतात! चित्रदर्शनाचा ड्रायव्हर चालला नाही, तर कमी दर्जाचे का होईना, काही तरी दिसावे अशी सोय असते. आवाजासाठी तशी सोय नाही. आवाज नसणे ही गंभीर चूक मानलीच जात नाही. यंत्र निमूटपणे दिखाऊ मार्ग धरते. डोळस माणसाला हे परवडते. दृष्टिहीन माणसासाठी तो संपूर्ण यंत्राचा बिघाड असतो.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात माहिती आणि संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी स्वतंत्र कलम आहे. कलम असूनही विज्ञान शाखा घेऊ पाहणाऱ्या दृष्टिहीन मुलांना ‘प्रयोग कसे करणार, आकृत्या कशा काढणार’ हे प्रश्न आजही ऐकावे लागतात. त्या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा लहानसहान वस्तूंत असतात. विभागाच्या कपाटात एक यूएसबी हेडफोन असणे, संगणककक्षातील यंत्रांचे अपग्रेड करण्यापूर्वी आवाजाची चाचणी घेणे, अपग्रेडची तारीख आधी कळवणे. यांना फारसा खर्च येत नाही. कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, इतकेच.

२८ फेब्रुवारी हा दिवस १९२८ मधील रामन परिणामाच्या शोधासाठी साजरा होतो. त्याआधी, १९२० मध्ये, याच रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह मृदंग-तबल्याच्या शाईमुळे त्यांच्या ध्वनीत सुसंवादी उपस्वर कसे उमटतात, हे दाखवून दिले होते. आपल्याकडे भौतिकशास्त्र कानानेही केले गेले आहे.

त्या दिवशी सभागृहात विद्यार्थ्याने मुलांना दिवे घालवायला सांगितले आणि ‘बी ००३१−०७’ वाजवला. ठोके आले. मग थांबले. काही सेकंदांनी पहिल्या रांगेतून कुजबुज सुरू झाली, मागे कोणी तरी म्हणाले की स्पीकर गेला. ठोके परत आले तेव्हा एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “मधे थांबला तो तारा होता की तुमचा लॅपटॉप?”

तो हसला. “याच प्रश्नावर माझा प्रबंध आहे,” तो म्हणाला, आणि पिशवीतून यूएसबी हेडफोन बाहेर काढला.

#राष्ट्रीय_विज्ञान_दिन #पल्सार #मुक्तस्रोत #सुगम्यता